फावल्या वेळात फोटोविक्री : कमाई किती, मालकी कोणाची?

आपल्या वस्त्यांत आज असे घर विरळा, जिथे कॅमेऱ्याचा मोबाइल नाही. भीमजयंतीची मिरवणूक असो, बुद्धपौर्णिमेची खीर असो की मंगल परिणय, पंचवीस-तीस हात मोबाइल धरून वर होतात. ते फोटो चार दिवस एकमेकांना पाठवले जातात आणि पुढे मोबाइल भरला म्हणून पुसले जातात. याच फोटोंपैकी काहींना बाजारात किंमत असते आणि घरबसल्या ते विकताही येतात, ही गोष्ट आता आपल्या तरुणांच्या कानांवर आली आहे. "यात खरेच पैसे मिळतात का?" असा प्रश्न शहापूर-जवाहरनगर भागातील मुले-मुली वारंवार विचारतात. विचारणाऱ्यांत बारावी झालेली आहेत, पदवीधर आहेत आणि नोकरीची वाट पाहून थकलेलीही आहेत. त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना या धंद्याची खरी माहिती व्हावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

उत्तर आधीच सांगून टाकतो. पैसे मिळतात, पण थोडे मिळतात आणि उशिरा मिळतात. त्यावर घर चालत नाही. मात्र फोटो कोणाचा, तो कोणी काढला आणि त्याचा हक्क कोणाकडे राहिला, हा प्रश्न आपल्या समाजासाठी पैशांहून मोठा आहे. म्हणून दोन्ही बाजू पाहू.

कॅमेरा कोणाच्या हाती होता?

प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' आले. दुसऱ्यांच्या पत्रांत आपले म्हणणे येत नाही आणि आलेच तर विपर्यस्त येते, म्हणून आपले पत्र आपल्या मालकीचे हवे, हा त्यामागचा विचार होता. शब्दांच्या बाबतीत समाजाने हा धडा घेतला. चित्रांच्या बाबतीत तो घ्यायला फार वेळ लागला, कारण कॅमेरा ही श्रीमंताघरची वस्तू होती.

आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. १९५४ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून उभे होते. निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, परंतु त्या दिवसांच्या आठवणी आपल्या आजी-आजोबांनी जन्मभर जपल्या. आता सांगा, आपल्यापैकी किती घरांत त्या दिवसांचा एखादा फोटो आहे? आठवणी तोंडी राहिल्या आणि सांगणारी माणसे एक एक करून गेली.

याउलट १९४६ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट भारतात आल्या असताना त्यांनी बाबासाहेबांची छायाचित्रे काढली. ती अतिशय सुंदर आहेत आणि आपण सर्वांनी ती कुठे ना कुठे पाहिली आहेत. ती अमेरिकेतील 'लाइफ'च्या चित्रसंग्रहाची मालमत्ता आहेत. रीतसर छापायची तर परवाना घेऊन छापावी लागतात. ज्याने फोटो काढला आणि जपून ठेवला, त्याच्याकडे हक्क राहिला. यात त्यांचा दोष नाही. मालकी कशी निर्माण होते, एवढे यातून समजून घ्यायचे.

आपल्याकडेही एका माणसाने हे वेळीच ओळखले होते. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण करवून घेतले. त्या काळी फिल्मचे रीळ महाग, कॅमेरा भाड्याचा आणि वेळ हाती काही तासांचाच. तरी त्यांनी ते काम केले, म्हणून तो जनसागर आज आपल्या मुलांना डोळ्यांनी पाहता येतो. दरवर्षी ६ डिसेंबरला त्यातील दृश्ये दाखवली जातात. ती पाहताना त्यामागे खिशाला खार लावून उभ्या राहिलेल्या माणसाचीही आठवण ठेवली पाहिजे. आज त्या रिळापेक्षा चांगले चित्रीकरण आपल्या खिशातला मोबाइल करतो. ते टिपून, नीट नोंदवून ठेवण्याची सवय मात्र अजून आपल्याला लागलेली नाही.

हा धंदा चालतो कसा?

वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके, जाहिराती, बँकांची माहितीपत्रके आणि दूरचित्रवाणीवरील माहितीपट यांना रोज हजारो चित्रे लागतात. प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठवणे परवडत नाही. म्हणून आधीच काढून ठेवलेल्या फोटोंची कोठारे निर्माण झाली. धान्याच्या कोठारातून जसे हवे ते धान्य न्यावे, तसा ग्राहक येथून हवा तो फोटो नेतो. यालाच स्टॉक फोटो म्हणतात. चालत्या चित्राचे तुकडे असतील तर त्यांना स्टॉक फुटेज म्हणतात.

या धंद्याच्या इतिहासातील एक माणूस आपण लक्षात ठेवावा असा आहे. ऑटो बेटमन हे बर्लिनच्या सरकारी कला-ग्रंथालयात काम करीत होते. ते ज्यू होते. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये केवळ जन्माच्या कारणावरून त्यांची नोकरी गेली. १९३५ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली, तेव्हा त्यांच्याबरोबर चित्रांनी भरलेल्या दोन ट्रंका होत्या. १९३६ मध्ये न्यूयॉर्कला त्यांनी त्या चित्रांवर 'बेटमन अर्काइव्ह' उभे केले आणि ते जगातील सर्वांत नामवंत चित्रसंग्रहांपैकी एक झाले. जन्मामुळे दार बंद झालेल्या माणसाने दोन ट्रंकांतून नवे दार उघडले. पुढे १९९५ मध्ये हा संग्रह बिल गेट्स यांच्या 'कॉर्बिस' कंपनीने विकत घेतला.

इंटरनेट आल्यावर हा धंदा सामान्य माणसासाठी खुला झाला. २००० मध्ये 'आयस्टॉक' आणि २००३ मध्ये 'शटरस्टॉक' सुरू झाली. 'अडोबी स्टॉक' २०१५ पासून आहे. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या 'गेटी इमेजेस'ने २००६ मध्ये आयस्टॉक विकत घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये गेटी व शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. आपल्या देशात २००६ पासून 'इमेजेस बझार' ही कंपनी भारतीय माणसांची चित्रे विकत आहे.

काम असे चालते. वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती या कंपन्यांकडे विनाशुल्क नाव नोंदवू शकते. आपण फोटो पाठवायचा, त्याला इंग्रजीत शीर्षक आणि शोधशब्द द्यायचे. कंपनी तो तपासते. पसंत पडला तर विक्रीला ठेवते, न पडला तर कारण देऊन नाकारते. फोटो विकला गेला म्हणजे तो आपल्या हातून गेला असे होत नाही. ग्राहकाला वापरण्याचा परवाना मिळतो, मालकी आपलीच राहते. तोच फोटो उद्या दुसऱ्याला आणि परवा तिसऱ्याला विकला जाऊ शकतो. प्रत्येक वेळी आपल्याला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, मिळते. शेताचा सातबारा आपल्या नावे ठेवून पीक विकण्यासारखा हा व्यवहार आहे.

मोठा कॅमेरा लागतोच असे नाही. फोटो किमान ४ मेगापिक्सेलचा असावा, अशी शटरस्टॉक आणि अडोबी या दोन्ही कंपन्यांची अट आहे. आजचा साधा मोबाइलही ती पूर्ण करतो. व्हिडिओचा तुकडा ५ ते ६० सेकंदांचा चालतो. पण तो हललेला नसावा. अंधारात काढलेला, कणकण उठलेला किंवा तोंडावर सावली आलेला फोटो परत येतो. सकाळी सूर्य उगवल्यावर पहिला तास आणि सायंकाळी मावळण्याआधीचा तास, या वेळी काढलेले फोटो बहुधा चांगले येतात. व्हिडिओसाठी मोबाइल तिपाईवर ठेवावा. तिपाई नसेल तर विटांच्या थरावर टेकवावा.

कारकुनाचा हिशेब

आता मुख्य मुद्दा, पैशांचा. कारकुनी करणाऱ्याला हिशेबाशिवाय चैन पडत नाही, म्हणून जरा तपशीलवार मांडतो.

शटरस्टॉकवर २०२० पासून पायऱ्यांची पद्धत आहे. वर्षातील पहिल्या १०० फोटोविक्रींपर्यंत विक्रीच्या १५ टक्के, नंतर २० टक्के, असे चढत चढत २५ हजारांहून अधिक विक्री झाल्यावर ४० टक्के मिळतात. १ जानेवारीला पुन्हा सर्वांना पहिल्या पायरीवर आणले जाते. अडोबी स्टॉक फोटोवर ३३ टक्के आणि व्हिडिओवर ३५ टक्के देते. टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नये. मोठे ग्राहक महिन्याची वर्गणी भरून घाऊक फोटो घेतात, त्यामुळे एका फोटोची किंमत फार खाली येते. शटरस्टॉकवर एका फोटोमागे कमीत कमी १० सेंट हाती पडतात. शंभर सेंटचा एक डॉलर.

समजा, तुमचे १०० फोटो या सर्वांत खालच्या दराने विकले गेले. १०० गुणिले १० सेंट म्हणजे १० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ८५० रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे १०० विक्रींची कमाई पावणेतीन दिवसांच्या मजुरीइतकी झाली. शिवाय १०० विक्री होण्यासाठी १०० फोटो पाठवून भागत नाही. पुष्कळ फोटो वर्षानुवर्षे एकदाही विकले जात नाहीत. व्हिडिओला फोटोपेक्षा दर बरा मिळतो, पण त्याचे ग्राहक कमी आणि मेहनत जास्त.

पैसे लगेच हाती येत नाहीत. अडोबीकडे २५ डॉलर जमल्याशिवाय रक्कम मागता येत नाही. ती पेपाल किंवा पेओनिअर यांच्यामार्फत आपल्या बँक खात्यात येते. पॅन कार्ड हवे. अमेरिकन कंपन्यांचा कराचा फॉर्म नाव नोंदवतानाच भरावा. न भरल्यास तेथील विक्रीवर ३० टक्के कर कापला जाऊ शकतो. भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवरील दर १५ टक्के आहे. आलेली रक्कम लहान असली तरी आयकर विवरणपत्रात दाखवावी. लपवलेला पैसा पुढे डोकेदुखी होतो.

या हिशेबातून एक सूचना निघते. या धंद्यासाठी कर्ज काढू नका. हप्त्यावर ५० हजारांचा कॅमेरा घेतला तर हप्ता दरमहा येणार, विक्री दरमहा येईलच असे नाही. घरी जो मोबाइल आहे त्याने सुरुवात करा. वर्ष-दोन वर्षांत फोटोंनी स्वतःच्या कॅमेऱ्याचे पैसे मिळवले, तरच कॅमेरा घ्या.

आपल्याकडे आहे काय?

"आमच्या खेड्यात फोटो काढण्यासारखे काय आहे?" असे पुष्कळजण म्हणतात. ताजमहालाचे आणि सूर्यास्ताचे फोटो कोठारांत ढिगांनी पडले आहेत. त्यात आपली भर पडून उपयोग नाही. जे आपल्याला रोजचे वाटते, तेच बाहेरच्याला मिळत नाही.

आपला भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. आषाढातली रोवणी, पऱ्ह्यांच्या जुड्या, चिखलाने भरलेली बांधी, मामा तलावावर जाळे टाकणारे ढिवर बांधव, शिंगाड्याची काढणी, मोहफुले वेचणाऱ्या बाया, सुपात विड्या वळणारे हात, मोहाडी-आंधळगावचे कोशाचे विणकाम, भंडाऱ्याची पितळी भांडी, तुमसरच्या राइस मिल, गोसेखुर्दच्या दारांतून सुटणारे वैनगंगेचे पाणी, हा सगळा माल आपल्या दारात आहे. शेतीवर, पाण्यावर, स्त्रियांच्या श्रमावर पुस्तक किंवा माहितीपट करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. पण शीर्षकात नुसते 'भारतीय शेती' लिहू नये. कोणते पीक, कोणते काम, कोणता महिना, कोणता जिल्हा हे लिहावे. ज्या मुलाला 'रोवणी' आणि 'पेरणी' यांतला फरक जन्मापासून ठाऊक आहे, तो हे काम शहरातल्या छायाचित्रकारापेक्षा चांगले करील.

आणि आपला धम्म? कोणत्याही कोठारात जाऊन इंग्रजीत 'बौद्ध' हा शब्द घालून शोधा. थायलंड, तिबेट, जपान, म्यानमार येथील भिक्खू आणि विहारे समोर येतील. पांढरी साडी नेसून वंदनेला बसलेल्या आपल्या उपासिका, वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन, पंचशील ध्वजाखाली उभे समता सैनिक दल, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तके विकत घेणारी माणसे, यांना तेथे शोधावे लागते. 'दलित' हा शब्द घातला तर झाडू, झोपडी, अश्रू आणि मोर्चा यांचाच भरणा दिसेल. ते दुःख खोटे नाही. पण त्याच घरातील परिचारिका, अभियंता, न्यायाधीश, टेबलाशी बसून अभ्यास करणारी मुलगी हीसुद्धा तितकीच खरी आहेत. त्यांची चित्रे आपण दिली नाहीत तर पाठ्यपुस्तक छापणारा जे मिळते तेच छापणार आणि आपली मुले शाळेत स्वतःला त्याच रूपात पाहणार.

या कामात किती ताकद आहे हे सुधारक ओलवे यांनी दाखवले आहे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन त्यांनी वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपले. गटारात उतरणारा माणूस त्यांच्या छायाचित्रांत नुसता दयेचा विषय राहत नाही, त्याला चेहरा आणि घरदार मिळते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्टॉकचा धंदा आणि ते काम यांत फरक आहे, पण माणसाकडे पाहायचे कसे, हे शिकायचे तर तेथून शिकावे.

संमतीशिवाय फोटो म्हणजे चोरी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हिच्याबाबत चूक झाली तर सगळ्या कमाईवर पाणी पडेल.

स्टॉक फोटोचे दोन प्रकार आहेत. एक व्यापारी वापराचा, म्हणजे जाहिरातीत वगैरे चालणारा. दुसरा संपादकीय वापराचा, म्हणजे बातमी, पुस्तक, माहितीपट यांपुरता. व्यापारी वापराच्या फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिचे सही केलेले संमतीपत्र लागते. मूल असेल तर आई, वडील किंवा पालक यांची सही लागते. खासगी घर किंवा दुकान ठळक दिसत असेल तर मालकाची परवानगी लागते. जयंतीची मिरवणूक, सभा, मोर्चा यांचे फोटो संपादकीय प्रकारात जातात. त्यांत घटना, ठिकाण आणि तारीख खरी लिहावी लागते आणि चित्रात खाडाखोड चालत नाही.

कंपनीच्या दृष्टीने संमतीपत्र हा एक कागद आहे. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ मोठा आहे. शेजारच्या काकूंचा फोटो तुम्ही प्रेमाने काढला आणि विकायला ठेवला. तो कोण विकत घेईल हे तुमच्या हाती राहत नाही. परदेशातली एखादी संस्था त्यावर 'उपाशी भारत' असे लिहून देणग्या मागू शकते. उद्या तो चेहरा एखाद्या रोगाच्या किंवा कर्जाच्या जाहिरातीत झळकू शकतो. काही वापरांवर कंपन्यांची बंधने असतात, पण जगाच्या दुसऱ्या टोकाला काय छापले जाते त्यावर आपण कुठवर नजर ठेवणार? आणि ते चित्र मोबाइलवरून फिरत फिरत काकूंच्या मुलीच्या सासरी पोहोचले तर त्यांनी कोणाला जाब विचारायचा?

म्हणून सही घेण्यापूर्वी मराठीत, समजेल अशा शब्दांत सांगावे : हा फोटो विकला जाईल, कुठेही छापला जाईल, एकदा विकला की परत घेता येणार नाही, आणि यात मला इतके-इतके मिळू शकतात. हे ऐकून कोणी नाही म्हणाले तर मन मोठे ठेवून तो फोटो बाजूला ठेवावा. कोणी हो म्हटले तर कमाईतला ठरावीक हिस्सा त्यांना द्यावा आणि तो वहीत लिहावा. साक्षीदाराचीही सही घ्यावी. अंगठा लावणाऱ्या आजीबाईचा फोटो काढताना तर दुप्पट काळजी घ्यावी. शतकानुशतके आपल्या आजा-पणज्यांना न वाचता अंगठे लावायला लावले गेले. त्यांच्या नातवंडांनी तोच प्रकार आपल्याच माणसांशी करू नये.

ज्यांची घरे पडली, ज्यांच्यावर अत्याचार झाला, ज्यांच्या घरी मयत झाली, अशांचे फोटो पुरावा म्हणून जरूर काढावेत. ते वकिलाला, कार्यकर्त्याला, वृत्तपत्राला द्यावेत. पण कोठारात विक्रीला ठेवू नयेत.

कायदा आणि नोकरी

पुढील बाबी प्रत्येकाने पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या आपल्या भावांसाठी पहिली. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कोणी मोबदला देऊन आपल्याकडून फोटो काढवून घेतला असेल तर वेगळा करार नसताना त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे पैसे घेऊन काढलेले लग्नाचे फोटो परस्पर विकता येत नाहीत. तसा करार लेखी झाला असेल तरच गोष्ट वेगळी.

दुसरी, जुन्या फोटोवरून फोटो काढून तो आपला म्हणून विकू नये. बाबासाहेबांच्या, माता रमाईंच्या जुन्या छायाचित्रांबाबत हे विशेष पाळावे. सार्वजनिक ठिकाणी कायमच्या उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढायला कायद्याची आडकाठी नाही, पण कंपन्या असे फोटो बहुधा संपादकीय वापरापुरतेच घेतात.

तिसरी, जागेची. शहापूरच्या शेजारी जवाहरनगरला आयुधनिर्माणी आहे. अशी ठिकाणे शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली प्रतिबंधित असतात. तिचे दार, भिंत, आतला भाग यांचा फोटो गमतीनेही काढू नये. ड्रोनचा तर विचारही करू नये. ड्रोन उडवायचाच तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी आणि परवानगीचे क्षेत्र आधी पाहावे. पवनीला १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. तो आपल्या जिल्ह्याचा मोठा वारसा आहे. पण पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्थळी व्यापारी चित्रीकरणासाठी आधी लेखी परवानगी लागते, मग ती पवनी असो की अजिंठा.

चौथी, नोकरदारांसाठी. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. प्रासंगिक कलाविषयक कामाला सवलत आहे, पण नियमित विक्री त्यात बसते की नाही हे आपण स्वतःच ठरवू नये. कार्यालयप्रमुखांकडे लेखी अर्ज करावा आणि पोच जपून ठेवावी. पत्नीच्या नावावर खाते काढून काम मात्र आपण करायचे, ही पळवाट काढू नये. पत्नीला आवड असेल तर तिलाच शिकू द्या आणि खातेही खरोखर तिचेच असू द्या.

लबाडांपासून सावध

या धंद्याच्या नावाने फसवणूकही होते. "पाच हजार भरा, महिन्याला पन्नास हजार कमवा" असे सांगणारा दिसला की दार लावून घ्या. वर नावे घेतलेल्या मोठ्या कंपन्या छायाचित्रकाराकडून नोंदणीचे पैसे घेत नाहीत. पैसे देण्यासाठी त्यांना तुमचा ओटीपी लागत नाही. पाठवण्याची पद्धत त्या स्वतःच विनामूल्य समजावून देतात.

दुसरे संकट यंत्राचे आहे. आता संगणकाला नुसते वाक्य सांगितले की तो खोटे पण खऱ्यासारखे चित्र तयार करतो. अशा चित्रांमुळे साध्या, सर्वसाधारण फोटोंची किंमत घसरते आहे. शटरस्टॉक छायाचित्रकारांकडून अशी चित्रे घेत नाही, अडोबी तशी स्पष्ट नोंद केल्यासच घेते. आपल्या तरुणांनी त्या वाटेने जाऊच नये. यंत्राने बनवलेली रोवणी खऱ्या रोवणीची म्हणून विकणे हे मुसावादा वेरमणीच्या विरुद्ध आहे. शिवाय आपले बळ खरेपणातच आहे. अमुक दिवशी, अमुक गावी, अमुक बांधीत हे घडले, असे यंत्राला खरेपणाने सांगता येत नाही.

घरातली आणि विहारातली वाटणी

तथागतांनी गृहस्थाला सम्यक आजीविकेचा मार्ग सांगितला. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार वर्ज्य केला. सिगाल या गृहस्थपुत्राला उपदेश करताना मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात आणि चौथा भाग अडचणीच्या दिवसांसाठी शिल्लक. मिळकत ८५० रुपयांची असली तरी ही वाटणी करता येते. साधारण २१० रुपये घरात, ४२५ रुपये तिपाई, मेमरी कार्ड, इंटरनेट यांवर आणि उरलेले २१५ पोस्टात. हा हिशेब एका वहीत लिहावा.

काम एकट्याने करण्यापेक्षा तिघा-चौघांनी वाटून घेतलेले बरे. एकाला फोटोची दृष्टी असते, दुसऱ्याला इंग्रजी येते, तिसरी मुलगी हिशेब चोख ठेवते. बारावीतल्या मुलांनी शोधशब्द लिहिले तर त्यांचे इंग्रजी सुधारेल. त्यांनी अभ्यास सोडून यात पडू नये, हेही आईवडिलांनी पाहावे. महिला मंडळाने मनावर घेतले तर रोवणीचे, विड्यांचे, स्वयंपाकाचे फोटो बाहेरच्या पुरुषापेक्षा आपल्या भगिनीच जास्त मोकळेपणाने काढतील.

आणि एक काम असे, ज्यात एक पैसाही मिळणार नाही, पण ते सर्वांत आधी व्हावे. प्रत्येक विहाराने एक चित्रसंग्रह सुरू करावा. गावातील वडीलधाऱ्यांना समोर बसवून, १९५६ च्या दीक्षेच्या त्यांनी ऐकलेल्या-पाहिलेल्या आठवणी मोबाइलवर चित्रित कराव्यात. ट्रंकेतले जुने फोटो घरमालकाच्या परवानगीने टिपून घ्यावेत आणि फोटोत कोण आहे, साल कोणते, हे सांगणारी व्यक्ती हयात आहे तोवर लिहून घ्यावे. त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. हा संग्रह विकायचा नाही. उद्या कोणी भंडारा जिल्ह्यातील धम्मचळवळीचा इतिहास लिहायला आला, तर त्याने परवानगी मागायला आपल्या विहाराच्या दारात यावे.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी राखून ठेवा. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहेतच. वही आणि पेन तेवढे सोबत आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!

(शहापूर, जि. भंडारा)